पाटीतलं तळं

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर कर्णिकांचा आर्ट स्टुडिओ होता. तिथे दामाजी नाखवा नावाचा माणूस डार्करूममध्ये कामाला होता. घरातल्या गेलेल्या माणसाला असलेल्या माणसांच्या शेजारी आणून उभं करायचं, हे त्याचं काम. मुलीच्या लग्नाला वडील नाहीत, नातवाच्या मुंजीला आजी नाही, असं झालं की लोक कोपरे खाल्लेला एखादा जुना फोटो घेऊन तो जिना चढायचे. आठ दिवसांनी गेलेलं माणूस कोट-टोपी घालून मांडवात उभं असायचं.

मीही तशीच जिना चढले. १९८१ साल असेल. लग्न होऊन नौपाड्यात आल्याला मला दोन वर्षं झाली होती. माझे वडील लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. लग्नाच्या फोटोत माझ्यामागे त्यांची जागा तेवढी रिकामी दिसायची, निदान मला तरी. वडलांचा फोटो म्हणजे कचेरीच्या ओळखपत्रावरचा, छातीपर्यंतचा.

दामाजीने दोन्ही फोटो उजेडात धरून पाहिले. चाळिशीचा, काळासावळा, खांद्यात रुंद माणूस. बोटांची टोकं औषधांनी तपकिरी झालेली.

"उभे करू की खुर्चीवर बसवू?"

"उभेच करा. माझ्या मागे."

"आणि हात? वैनी, नुसता उभा केलेला बाप परका वाटतो. हात कुठंतरी पायजे."

मी म्हटलं, "खांद्यावर."

वडलांनी आयुष्यात कधी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. तेवढी माया उघड करायची पद्धत आमच्या घरी नव्हती. पण आठ दिवसांनी फोटो हातात आला आणि तो हात तिथे होता. शालूच्या काठावर अलगद टेकलेला, जणू इतकी वर्षं तिथेच होता. मी डोळे पुसले, मग नीट पाहिलं. त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. वडलांची करंगळी सरळ होती. पावती पुढे करणाऱ्या दामाजीच्या हाताकडे माझी नजर गेली. तीच करंगळी. लहानपणी होडीच्या दोरात सापडून मोडलेली, हे त्याने नंतर सांगितलं.

"काय चुकलंय का, वैनी?"

"नाही," मी म्हटलं. "छान झालाय."

आम्ही दोघांनी ते तेवढ्यावरच ठेवलं. तेव्हापासून तो हात आमच्या भिंतीवर आहे.

दामाजी कोपरीचा. बाप गोमाजी खाडीत होडी घालायचा. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत सुटायला लागलं, मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले, तेव्हा गोमाजीने मुलाला सांगितलं की होडीचा नाद सोड. दामाजी एकविसाव्या वर्षी कर्णिकांकडे लागला. मूळ मालक त्र्यंबकराव कर्णिक तोवर वारले होते, स्टुडिओ त्यांचा मुलगा चालवायचा. पण दामाजीच्या तोंडी कायम त्र्यंबकरावच. या माणसाला त्याने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी डार्करूमच्या दाराशी त्यांच्या तसबिरीला तो रोज एक फूल वाहायचा.

मी काही ना काही निमित्ताने तिथे जातच राहिले, आणि एकदा त्याने मला त्र्यंबकरावांचे फोटो दाखवले. सन तीस-पस्तीसच्या सुमाराचे, पिवळट तपकिरी, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली स्टुडिओच्या नावाचा उठावाचा शिक्का. एक फेटेवाला गृहस्थ स्वतःचंच मुंडकं ताटात घेऊन जेवायला बसलाय. एक बाई आरशापुढे उभी आहे आणि आरशात तिची पाठ दिसतेय. ढगांवरून बैलगाडी चाललीय आणि गाडीवान खाली वाकून बघतोय.

"नुसती गंमत म्हणून काढलेत?" मी विचारलं.

"गंमत कसली, वैनी! एकेका फोटोला महिना महिना. या माणसानं ठाण्यात बसून ढगात बैलगाडी पाहिली. आम्ही आयुष्यभर खाडी बघितली, तर आम्हाला खाडीच दिसली." मग इकडेतिकडे बघून त्याने कपाटामागून एक पाकीट काढलं. "आता हे बघा. कुणाला बोलू नका."

त्यात त्याचे स्वतःचे फोटो होते. स्टुडिओ बंद व्हायच्या वेळी मागे राहून, रविवारी, शिल्लक कागदांवर केलेले. मिठागरात मिठाच्या ढिगांऐवजी पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसलेल्या. कोपरीच्या कौलांवर होडी नांगरून ठेवलेली आणि नांगराचा दोर एका घराच्या धुराड्यात गेलेला. हे सगळं तो कसं करायचा ते मी पुढे पुष्कळदा पाहिलं. एका निगेटिव्हवरून कागदावर उजेड पाडताना नको तो भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, मग तोच कागद दुसऱ्या निगेटिव्हखाली ठेवायचा. जोड दिसला तर बारीक ब्रशने बुजवायचा. पुन्हा त्या सगळ्याचा फोटो घ्यायचा. शेवटी एका औषधात बुडवून तपकिरी रंग आणायचा. त्या औषधाला नासक्या अंड्यासारखा वास यायचा.

त्याची बायको शेवंती मासळीबाजारात बसायची. ती मला म्हणाली होती, "वैनी, यो माणूस घरान आला का शेजारची माझे मासलीला नावा ठेवतात. मी बोलते, अगो माझी मासली ताजी हाय, दादला कुजलाय!"

स्टुडिओत त्र्यंबकरावांच्या वेळचे विलायती पुठ्ठे उरले होते. दामाजी आपले फोटो त्याच पुठ्ठ्यांवर चिकटवायचा. आणि खाली शिक्का मारायचा तो त्र्यंबकरावांचाच.

"अहो, हे तुमचे ना? मग तुमचं नाव घाला की," मी म्हटलं.

त्याने चक्क जीभ चावली. "असं कसं? वैनी, आमच्याकडं मासळीचे वाटे पडतात. पहिला होडीचा वाटा, मग जाळ्याचा, मग माणसाचा. होडी नि जाळं दुसऱ्याचं असेल तर त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. ही सगळी युक्ती कुणाची? त्र्यंबकरावांची. जाळं त्यांचं, होडी त्यांची. मी नुसता ओढणारा."

"आणि माणसाचा वाटा?"

"मिळेल की. मासळी संपली थोडीच!"

मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलंही. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" केलं.

१९८६ च्या हिवाळ्यात त्याच्या मनात एक नवा फोटो आला. कोळीण खाडीत घोट्याएवढ्या पाण्यात उभी आहे. डोक्यावर पाटी. पाटीत मासळीऐवजी अख्खं तळं, काठच्या देवळासकट, घरांसकट. आणि तिच्या डोक्यावर आभाळात पक्ष्यांसारखे मासे. "आमची खाडी मेली," तो म्हणाला, "तर बाई आता तळं विकायला चाललीय." आधी त्याने शेवंतीलाच उभं केलं. तिला हसू आवरेना. एक अख्खा रोल तिच्या हसण्यात गेला.

"तू व्हय उबी, वैनी," शेवंती मला म्हणाली. रागात आणि लाडात ती मला एकेरीवर यायची. "तुजा तोंड गंभीर हाय. पैल्यापासना."

सासूबाई भजनाला गेलेल्या, हे कचेरीत. मी दुपारी कोपरीला गेले. शेवंतीने तिचं लुगडं मला कोळणीसारखं घट्ट नेसवलं, अंबाड्यात अबोली माळली, नाकात तिची नथ घातली आणि लांब होऊन बघत म्हणाली, "चल बाजारान. तासाभरान माझा धंदा खाशील!" अंगणात पांढरी चादर टांगली होती. मी डावा हात वर करून पाटी धरली, मान वळवली आणि उभी राहिले. पाऊण तास.

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, चकल्या तळताना तेल उडून झालेला डाग आहे. कोयरीच्या आकाराचा. फोटो साफ करताना दामाजीने विचारलं, "वैनी, हा डाग काढू की ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं. "त्या कोळणीलाही कधी भाजलं असेल."

तो फोटो त्याच्या सगळ्या फोटोंत उजवा ठरला. घोट्याला लागणारं पाणी खरं, पाटीतल्या पाण्यावरचा उजेडही खरा. माझी सावली मात्र होडीच्या आकाराची पडली होती. मी घरात कुणाला दाखवला नाही. दाखवण्यासारखं काय होतं? परक्याच्या अंगणात, गुडघ्यापर्यंत पाय उघडे, कोळणीच्या वेशात. दामाजीने तो इतर फोटोंबरोबर स्टुडिओच्या माळ्यावर ठेवला, कारण उधाणाला खाडीचं पाणी त्याच्या घरात यायचं.

पुढे रंगीत फोटो आले, मशीनमधून अर्ध्या तासात छत्तीस बाहेर पडायला लागले. मधले कर्णिक वारले. १९९४ मध्ये त्यांचा पुण्याला असलेला मुलगा आला, जागा विकून मोकळा झाला. निगेटिव्हची पोती त्याने फिल्मवरची चांदी काढणाऱ्या माणसाला दिली. माळ्यावरचे पुठ्ठे मात्र त्याला मोडवेनात. आजोबांचं नाव होतं ना त्यांच्यावर. दामाजीला कुणी काही विचारलं नाही. तो डोंबिवलीला, मानपाडा रोडवरच्या एका कलर लॅबमध्ये पासपोर्ट फोटो कापायला लागला.

आमचे हे तेव्हा गावच्या एका इतिहास मंडळाचे कार्यवाह होते. नातवाने पुठ्ठ्यांची पेटी मंडळाला दिली, तेव्हा ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. ठाण्यात साठ वर्षांपूर्वी असा कलावंत होऊन गेला आणि कुणाला पत्ता नाही! प्रदर्शन ठरलं. वर्तमानपत्रात लेख आला. लेखाबरोबर फोटो छापला तो कोळणीचा. खाली ओळ होती: 'कै. त्र्यंबकराव कर्णिक यांची कलाकृती, सुमारे १९३२.'

त्याच दिवशी दुपारी दामाजी दारात उभा. हातात पेपर. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच.

"वैनी, बघितलंत?"

"बघितलं. बत्तीस साली माझी आईसुद्धा परकरात होती."

आम्ही दोघं हसलो. अगदी मनापासून हसलो. मग तो हसायचा थांबला.

"अकरा फोटो माझे आहेत त्यात. निगेटिव्ह चांदीवाल्याकडे गेल्या. शेवंती बोलेल तर लोक म्हणतील, बायकोच ती, नवऱ्याचीच बाजू घेणार. वैनी, तुम्ही एवढंच सांगा, फोटोतली बाई मी आहे. पुढचं माझं मी बोलतो."

"सांगेन की! त्यात काय एवढं?"

त्याने पेपरची घडी घातली. "जाळ्याचा वाटा दिला, होडीचा दिला. पस्तीस वर्षं दिला. आता माणसाचा मागतो. जास्ती नाय. खाली नाव फक्त."

मी त्याला शब्द दिला. चहाचा कप हातात देताना दिला.

रात्री ह्यांना सांगणार होते. हे भाषण लिहीत होते. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाहुणे येणार म्हणून सासूबाईंनी नारळाच्या वड्या करायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी प्रदर्शनच होतं. मी स्वतःला म्हटलं, तिथेच सांगू, सगळ्यांसमोर, म्हणजे खोटं म्हणायला कुणाला जागा नको. आता वाटतं, तिथे सांगावं लागू नये म्हणूनच मी ते तिथवर लांबवलं.

शाळेच्या हॉलमध्ये फोटो टांगले होते. कोळीण मधोमध, तिला झेंडूची माळ. मी शाल पांघरली होती, १९९६ चा जानेवारी होता म्हणून. दामाजी आणि शेवंती आले. तो धुवट पांढऱ्या शर्टात, ती हिरव्या लुगड्यात, अंगभर दागिने. लेकाच्या लग्नाला आल्यासारखी दोघं आली होती.

मुंबईचे संग्राहक, जाड भिंगांचे, पुठ्ठ्यावर बोटाने टकटक करून समजावत होते, "हा पुठ्ठा दुसऱ्या महायुद्धानंतर इकडे आलाच नाही. शिक्काही अस्सल." दामाजी पुढे झाला, ह्यांना नमस्कार केला आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, यातले अकरा फोटो मी केलेत. हा पण."

मग हे समजुतीने हसले. "दामाजी, तुम्ही तिथे नोकरीला होतात, ते आम्हाला ठाऊक आहे. प्रिंट तुम्ही काढली असेल—"

"प्रिंट नाय, साहेब. फोटो."

"मग शिक्का त्यांचा कसा?"

"मीच मारला."

"म्हणजे खोटा शिक्का मारलात?"

दामाजी गोंधळला. वाटे, जाळं, होडी हे सगळं त्याच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं. त्या हॉलमध्ये, त्या माणसांपुढे, ते बोलता येण्यासारखं नव्हतं. "खोटा नाय. मान म्हणून," एवढंच तो म्हणाला.

"वा!" संग्राहक म्हणाले. "हा तर एकलव्यच निघाला."

"मंग काय, आंगठा पन पायजे?" शेवंती मागून म्हणाली. एकदोघं हसले. ती पुढे आली. "ही फोटोतली बाय जित्ती हाय. तिला इचारा."

"अहो बाई," संग्राहक चष्मा पुसत म्हणाले, "ही जिवंत असती तर ऐंशीच्या पुढे असती. आणि तिला विचारून काय मिळणार? त्या काळी असं पाय उघडे टाकून फोटोला उभ्या राहणाऱ्या बायका कोण असायच्या, सांगायला हवं का?"

पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. हे त्या वाक्यावर ओशाळं हसले. शेवंती माझ्याकडे बघू लागली. दामाजीने तिचा दंड धरला, तिला थांबवलं. माझ्याकडे त्याने बोट दाखवलं नाही. तो नुसता बघत राहिला. वाट बघत राहिला.

शाल जरा मागे सारायची होती. हात वर करायचा होता. फोटोतला हात आणि माझा हात यांत चार फुटांचं अंतर होतं, आणि दोन्हींवर ती कोयरी होती.

मी म्हटलं, "पाहुण्यांना पाणी हवं असेल. मी आणते."

पाण्याचा ट्रे घेऊन परत आले तेव्हा दामाजी म्हणत होता, "चुकलं असेल माझं, साहेब. लई वर्षं झाली. नजरचूक होते." त्याने ट्रेमधला पेला उचलला, उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायला, पेला जागेवर ठेवला. "येतो, वैनी."

शेवंतीने पेल्याला हात लावला नाही. "नको. आमी कोपरीशी पिऊन आलो."

प्रदर्शन गाजलं. मंडळाने ह्यांच्या श्रमांची आठवण म्हणून त्याच फोटोची मोठी प्रत फ्रेम करून भेट दिली. ह्यांनी ती दिवाणखान्यात लावली, लग्नाच्या फोटोशेजारी. कोण आलं की आधी तिकडे नजर जायची.

"काय देखणी बाई आहे हो!"

"ठाण्याची मूळची माणसं," हे म्हणायचे. "आता असे चेहरे बघायला मिळत नाहीत."

मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी असायची. सोळा वर्षं ह्यांच्यासमोर जेवायला वाढत होते. ह्यांना ओळख पटली नाही, आणि मला त्याचा राग यायचा अधिकारही उरला नव्हता.

सासूबाईंना मात्र पटली असावी. एकदा त्या बराच वेळ फोटोपुढे उभ्या राहिल्या, मग स्वयंपाकघरात आल्या. मी पोळ्या लाटत होते. माझ्या हाताकडे न बघता म्हणाल्या, "तुला लांब बाह्यांचे ब्लाउज शोभतील. शिवून घे दोनचार." एप्रिल महिना होता. मी शिवून घेतले.

वर्षभराने मी डोंबिवलीला गेले. लॅबमध्ये काचेच्या टेबलामागे दामाजी पासपोर्टचे चौकोन कापत बसला होता. मला बघून उठला. "या वैनी. आठ कॉपी की सोळा?"

"दामाजी, मी आता सांगते सगळ्यांना. खरंच सांगते."

त्याने खुर्ची पुढे केली, पंख्याचा रोख माझ्याकडे वळवला. "आता नका. आता सांगितलंत तर त्र्यंबकराव खोटे ठरतील, मी चोर ठरेन, आणि फोटो उतरवून ठेवतील. तिथं लटकतायत तोवर कोणतरी बघतोय." मग कात्री उचलून, "आणि तुमच्या घरात कशाला तमाशा?"

त्या शेवटच्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर मला परतीचा रस्ता सोपा गेला असता.

ऑगस्ट १९९८ मध्ये दामाजी गेला. लॅबमध्ये काम करताकरता टेबलावर डोकं ठेवलं, ते तसंच. मला सहाव्या दिवशी कळलं, तेही शेवंती दारात आली तेव्हा. ती बाहेरच उभी राहिली. "सुतक हाय. आत नाय येत."

मी उंबऱ्याशी गेले.

"बाराव्याला फोटो पायजे. गावाचे मेलेले जोडलान यानी, याचा सोताचा फोटो नाय. मतदानाचे कार्डावरचा हाय. त्यान चोरावानी दिसतो." तिने आत भिंतीकडे मान केली. "लॅबवाला बोलतो, कॉम्प्युटरवर जोडून देईन. तोंड कार्डावरचा घेईन. हात पायजे."

मी लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला, फडक्याने काच पुसली आणि तिच्या हातात दिला. तिने काचेवरून त्या वाकड्या करंगळीवर अंगठा ठेवला. "बाराव्याला देते," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी ह्यांनी भिंतीवरचा खिळा बघितला. "फोटो कुठे गेला?"

मी सगळं सांगितलं. कोपरीचं अंगण, लुगडं, नथ, चहा देताना दिलेला शब्द, पाण्याचा ट्रे. शेवटी बाही वर सारली आणि फोटोतल्या कोळणीशेजारी हात धरला. जे अडीच वर्षांपूर्वी करायला हवं होतं, ते बंद दाराच्या खोलीत, एका माणसासमोर केलं. ह्यांनी चष्मा लावला. डाग बघितला, फोटो बघितला, पुन्हा डाग बघितला. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील.

"मंडळाची स्मरणिका छापायला गेलीय," हे म्हणाले. "मुखपृष्ठावर हाच आहे." थोड्या वेळाने, "आईला माहीत आहे?"

"आहे."

"मग राहू दे."

बाराव्याला मी कोपरीला एकटीच गेले. त्या दिवशी मुद्दाम आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला होता, अंगावर शाल नव्हती. ओटीवर पाटावर फोटो ठेवला होता. बारा वर्षांनी लहान शेवंती त्यात लुगडं नेसून पोट धरून हसत होती. वाया गेलेल्या त्या रोलमधला एक फोटो दामाजीने माळ्यावर न ठेवता घरी ठेवला होता. तिच्यामागे दामाजी उभा. चेहरा कार्डावरचा, कावराबावरा, डोक्याच्या मानाने धड फार मोठं. कॉम्प्युटरवाल्याला जोड बुजवता आला नव्हता, मानेभोवती पांढरी रेघ दिसत होती. दामाजीला ती सहन झाली नसती. आणि हसणाऱ्या शेवंतीच्या खांद्यावर हात, करंगळी वाकडी.

फोटोखाली छापलं होतं: 'कै. दामाजी गोमाजी नाखवा.' फोटोखाली त्याचं नाव आलं ते असं. आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक पण सोनेरी अक्षरांत, लॅबचं नाव होतं.

मी फूल वाहिलं. शेवंतीने आतून माझा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.

"घे, वैनी. तुजा बापूस. हात हाय तसा हाय, बोटा मोजून घे."

मी फोटो छातीशी धरला. तिची नजर माझ्या उघड्या हातावर गेली आणि तिथेच थांबली. मागच्या दारी भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी पानं मांडत होतं.

"आज शाल नाय घेतलीस?" ती म्हणाली. आणि उत्तराला न थांबता पानं वाढायला आत गेली.